तीन आरसे आणि एक स्कूटर : पार्किंगमधल्या प्रकल्पाच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

काम असं ठरलं. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक जागा तयार करायची. तिथे गाडी उभी करायची, सीटवर बसायचं आणि जमिनीवरच्या खुणा पाहत आरसे फिरवायचे. बाहेर कुणी उभं राहून "जरा आत, जरा बाहेर" सांगायची गरज पडू नये.

निमित्त ओरखड्यांचं. पार्किंगमधल्या गाड्या फिरून पाहिल्या तर बऱ्याच गाड्यांच्या मागच्या डाव्या दारावर किंवा त्याच्या जरा मागे, स्कूटरच्या हँडलच्या उंचीला, एक आडवा ओरखडा आहे. नागपुरात, आमच्या मनीष नगरात, डावीकडून घुसणारी दुचाकी ही काही बातमी नव्हे. पण सगळ्या मालकांचं म्हणणं एकच: "तो आला कुठून तेच दिसलं नाही." गाडीला आतला एक, बाहेरचे दोन असे तीन आरसे असताना दिसलं का नाही, हा सरळसरळ प्रकाशकिरणांचा प्रश्न आहे, आणि कनिष्ठ महाविद्यालयात मी तोच विषय शिकवते.

सामान: आमची जुनी वॅगनआर, रंगीत खडू, मोजपट्टी, दोरी. माणसं: तिसऱ्या मजल्यावरचा ओजस (इंजिनिअरिंगला आहे, त्याची स्कूटर धरून), आणि तळमजल्यावरचे देवरावजी, ज्यांचा जन्म ट्रक चालवण्यात गेला. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. खुर्ची घेऊन स्वतःच आले.

९ नोव्हेंबर, रविवार

आधी आहे ती स्थिती नोंदवली. ही गाडी मी आणि सुहास दोघं चालवतो. आरशांना हात लावला नाही, तो ठेवतो तसेच ठेवले. म्हणजे बाहेरच्या दोन्ही आरशांत जवळपास पाव भाग आपलंच दार, दाराची मूठ आणि मागचं चाक. बहुतेकांचे आरसे असेच असतात. ड्रायव्हिंग शिकवणारेही असेच लावून देतात.

मी सीटवर बसले, पाठ टेकवली, मान सरळ. ओजस खडू घेऊन गाडीभोवती फिरला. मी आरशात पाहून "दिसतो", "गेला" असं ओरडायचं आणि त्यानं जमिनीवर खूण करायची. आतल्या आरशाला पिवळा खडू, उजव्याला लाल, डाव्याला निळा. मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून जेवढं दिसतं त्याला पांढरा.

नकाशा पुरा झाल्यावर वर गॅलरीत जाऊन पाहिला. गाडीच्या मागे लाल, निळा आणि पिवळा एकमेकांवर चढलेले: तिन्ही आरसे मिळून एकच गोष्ट दाखवतात. बाजूला मात्र दोन कोरे त्रिकोण, मागच्या दारापाशी सुरू होऊन बाहेर आणि मागे पसरत गेलेले. डावा जास्त मोठा. ओजसनं स्कूटर डाव्या त्रिकोणात नेऊन उभी केली, वर बसला आणि म्हणाला, "काकू, दिसून राहिलो का?" आवाज येत होता. माणूस नाही, स्कूटर नाही, काहीच नाही.

देवरावजींनी तेवढ्यात माझ्या आरशात वाकून पाहिलं.

"मॅडम, आरशात आपलीच गाडी काऊन पाहता जी? थे का पळून चालली?"

पुढच्या सगळ्या कामाचं सूत्र हेच वाक्य आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज फक्त आरशाची काच. बाहेरचे आरसे सपाट नाहीत, फुगीर आहेत, म्हणजे बहिर्वक्र. हे तपासायला काही लागत नाही. स्टीलची पट्टी काचेवर आडवी, कडेवर उभी धरायची. सपाट असेल तर सगळीकडे टेकते. आमच्या आरशांवर ती मधे टेकली आणि दोन्ही टोकांना फट राहिली.

ओजसनं त्याचा फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा संच) आणला. मध्यापासून ८ सेंटिमीटरवर फट सुमारे २.५ मिलिमीटर, दोन्ही आरशांना तीच. यावरून वक्रतेची त्रिज्या काढता येते: ८० चा वर्ग भागिले दोनदा २.५, म्हणजे १२८० मिलिमीटर. नाभीय अंतर त्याच्या निम्मं, ६४ सेंटिमीटर.

आता खरी गंमत. बहिर्वक्र आरसा जास्त रुंद पट्टा दाखवतो, पण त्यातली प्रतिमा लहान असते आणि लहान दिसणाऱ्या वस्तूला आपण दूरची समजतो. किती दूरची? माझ्या डोळ्यापासून उजवा आरसा ८० सेंटिमीटरवर, डावा दीड मीटरवर. मागे १० मीटरवर दीड मीटर उंचीची गाडी आहे असं धरून हिशेब केला. उजव्या आरशात ती २३ मीटरवर असल्यासारखी दिसते. डाव्या आरशात? ३५ मीटर. काच तीच, गाडी तीच, फरक फक्त डोळा आणि आरसा यांतल्या अंतराचा. सपाट आरशात हा प्रकार नसतो.

आरशावर बारीक अक्षरांत "वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत" असं छापलेलं असतं ते यासाठीच. पण दुप्पट-तिप्पट फरक पडेल असं कुणाला वाटत नाही. मलाही आकडा पाहून पुन्हा हिशेब करावासा वाटला, केला, तोच आला.

आतला आरसा सपाट आहे. पट्टी सगळीकडे टेकली. म्हणून वहीत नियम लिहिला: कुणी आहे का, हे बाहेरच्या आरशाला विचारायचं, किती जवळ आहे, हे आतल्याला. (आतल्या आरशाखालची ती छोटी कळ रात्रीसाठी असते. काच पाचरीसारखी असते. कळ ओढली की मागचा चकाकता थर तोंड फिरवतो आणि आपल्याला फक्त पुढच्या साध्या काचेवरून परतलेला जेमतेम चार टक्के उजेड मिळतो. सुहासला हे माहीत नव्हतं. कळ "सैल झालीय" असं त्याचं मत होतं.)

२३ नोव्हेंबर, रविवार

आज नावाजलेली पद्धत करून पाहिली. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्यानं १९९५ साली तिकडच्या सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्समध्ये आरशांच्या भूमितीवर निबंध मांडला, त्यातली. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे ती आपल्यासाठी फिरवून अशी:

डोकं उजव्या खिडकीच्या काचेला टेकवायचं. त्या स्थितीत उजव्या आरशात आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर फिरवायचा. मग डोकं गाडीच्या मध्यावर, गिअरच्या वर आणायचं आणि डाव्या आरशात गाडीची डावी कड जेमतेम दिसेल तसा तो लावायचा. आतल्या आरशात मागची काच पूर्ण बसवायची. सरळ बसल्यावर बाहेरच्या दोन्ही आरशांत आपली गाडी अजिबात दिसत नाही. पहिल्यांदा विचित्र वाटतं, गाडीला बाजूच नाहीत असं.

आरसा एक अंश फिरवला की परतणारा किरण दोन अंश फिरतो. १० मीटर मागे हे साधारण ३५ सेंटिमीटर होतात. म्हणून बोटाच्या जराशा दाबानं सगळं चित्र बदलतं, आणि म्हणूनच चालत्या गाडीत आरशाशी खेळू नये.

सकाळी समोरचा रस्ता रिकामा असताना सुहासनं शेजाऱ्यांची गाडी घेऊन मला उजवीकडून सावकाश ओलांडलं. सुंदर! आतल्या आरशातून निघायच्या आत ती उजव्या आरशात आली, तिथून निघायच्या आत डोळ्याच्या कोपऱ्यात. मधे कुठेही हरवली नाही. डावीकडूनही तसंच.

मग ओजस स्कूटर घेऊन आला आणि पद्धतीची परीक्षा झाली. आपल्या दुचाक्या शेजारच्या लेनमधून जात नाहीत. त्या आपल्याच लेनमध्ये, आपल्या दाराला घासून जातात. ओजसला सांगितलं, नेहमी सिग्नलला घुसतोस तसा ये. उजवीकडे मागच्या बंपरजवळ तो पूर्ण गायब झाला. डावीकडे हँडलचं एक टोक आणि अर्धं हेल्मेट.

मोजलं. बंपरच्या रेषेत उजवा आरसा गाडीच्या अंगापासून ८० सेंटिमीटरपुढचं दाखवतो, डावा ४५ पुढचं. अलीकडची पट्टी कोरी. स्कूटरची रुंदी सत्तरच्या आसपास. म्हणजे उजव्या पट्टीत स्कूटर आरामात मावते.

कारण खडूनं जमिनीवर काढून पाहिलं. दोन आहेत. एक, उजवा आरसा डोक्याच्या जवळ आहे, त्यामुळे डोकं एक फूट सरकलं की कोन खूप बदलतो. डावा दूर आहे, तिथे तेवढ्याच सरकण्यानं कमी बदलतो. दोन, अमेरिकेत ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाटच असावा असा नियम आहे. सपाट आरसा अरुंद दाखवतो, म्हणून तो जास्त बाहेर फिरवावा लागतो. आपल्याकडे बहुतेक गाड्यांना दोन्ही बाजूंना फुगीर आरसे, ते आधीच जास्त रुंद दाखवतात. त्यांना एवढं बाहेर ढकलायची गरजच नाही. पद्धत खोटी नाही, पण ती सपाट काचेसाठी आणि लेन पाळणाऱ्या रस्त्यासाठी आहे. आपल्याकडे दोन्ही नाहीत.

देवरावजी: "म्हणजे गाडी पाहाचीच नाही असंही नाही, अन् गाडीच पाहात बसाचं असंही नाही."

हो जी, एवढंच.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी सात वाजता तिन्ही आरसे निरुपयोगी. बाहेरच्या दोन्हींवर दव, मागच्या काचेवरही. पुढची काच वायपर पुसतो म्हणून लोक निघतात आणि आरसे बुटीबोरीपर्यंत आपोआप सुकतील या भरवशावर सोडतात. दाराच्या खणात एक सुती फडकं ठेवलं. नोंद संपली.

३० नोव्हेंबर, रविवार

आज दिवसभर मधलं ठिकाण शोधलं. प्रश्न असा मांडला: बंपरच्या रेषेत गाडीच्या अंगापासून किती अंतरावर आरशाची आतली कड यावी, की चिकटून आलेली स्कूटरही सुटू नये आणि बाहेरचा त्रिकोणही उघडा पडू नये?

पाण्याची बाटली बंपरच्या रेषेत ठेवून ओजस ती सरकवत गेला. दर वेळी आरसा असा लावायचा की बाटली आतल्या कडेला जेमतेम दिसेल, मग स्कूटर जवळून, मग दुरून. १० सेंटिमीटरवर जवळची स्कूटर छान दिसते, पण डावीकडे दोन हात लांबून येणारी थोडा वेळ हरवते. ५० वर उलट. ३० वर दोन्ही दिसतात. शाळेतली पट्टी तेवढीच असते, हे सोयीचं पडलं. जवळच्या स्कूटरचा आतला हँडल अजूनही कापला जातो, पण चालवणारा आणि त्याचं हेल्मेट आरशात राहतं. माणूस दिसला की काम झालं.

३० सेंटिमीटरला उजव्या आरशात आपली गाडी दिसत नाही. डोकं खिडकीकडे वीतभर नेलं की कड डोकावते. काचेला टेकवायची गरज नाही. घरी खुणा नसतील तर हेच माप धरता येईल.

उभा कोन: क्षितिज आरशाच्या मध्यावर. पार्किंग करताना डावा आरसा खाली झुकवून मागचं चाक पाहायची सवय सुहासला आहे, हरकत नाही, पण नंतर तो वर करायचा राहून जातो. मग शहरभर डाव्या आरशात डांबर.

आणखी एक. सुहास माझ्यापेक्षा उंच, तो सीट मागे नेतो. सीट बदलली की डोळा बदलला, डोळा बदलला की तिन्ही आरसे चुकले. क्रम म्हणून पक्का: सीट, पाठ, मग आरसे. एका गाडीचे दोन चालक असतील तर किल्ली हातात आली की हे करणं आलंच.

११ डिसेंबर, गुरुवार

वर्धा रोड, कॉलेजातून परतताना. हिवाळी अधिवेशन चालू, सीताबर्डीकडचे रस्ते वळवलेले, त्यामुळे सगळी गर्दी जिथे नको तिथे. चाचणीला उत्तम.

नवीन जुळणीनं व्हरायटी चौक ते अजनी आरामात. सिग्नल सुटताना डावीकडून येणाऱ्या दुचाक्या आरशात आधीच दिसतात. अजनीजवळ डबल डेकर पुलावर चढले: वर मेट्रो, मधे आपण, खाली जुना रस्ता. लांबी ३.१४ किलोमीटर, गणितवाल्यांनी ठरवून बांधल्यासारखी. पुलावर मिसळणारं कुणी नाही, आरसे निवांत.

उतरताना मात्र आरसे हरले, आणि ही नोंद महत्त्वाची आहे. रॅम्प संपतो तिथे खालून येणारा रस्ता डावीकडून तिरका येऊन मिळतो. आपली गाडी त्या रस्त्याशी कोन करून असते, त्यामुळे डाव्या आरशात कठडा दिसतो आणि कठड्यापलीकडून येणारा ऑटो दिसत नाही. आरसा आपल्या गाडीला समांतर येणाऱ्यांसाठी लावलेला असतो. तिरक्यांसाठी नाही. इथे मानच वळवावी लागते. ताशी ४० किलोमीटर वेगानं सेकंदाला ११ मीटर जातात, म्हणून मान वळवायची ती पुढे मोकळी जागा पाहून, आणि फक्त खांद्याच्या रेषेपर्यंत. मागची काच पाहण्याइतकी नाही.

देवरावजींना संध्याकाळी सांगितलं तर त्यांनी पुढच्या काचेच्या खांबाची गोष्ट काढली. चौकात वळताना उजवा खांब डोळ्याच्या इतका जवळ असतो की त्याच्यामागे मोटरसायकल लपते. आणि ती आपल्याच रोखानं, जुळत्या वेगानं येत असेल तर खांबामागून बाहेरच येत नाही, शेवटपर्यंत. "मी चौकात असा पुढं-मागं डोलत जाव. क्लीनर हासे मले." आरशांचा विषय नाही, पण वहीत घेतला.

१४ डिसेंबर, रविवार

समृद्धी महामार्ग, शिवमडक्याहून वर्ध्यापर्यंत आणि परत. इथे दुचाकींना बंदी आहे, म्हणजे चिकटून येणारं कुणी नाही. लेन रुंद, कारना ताशी १२० ची मर्यादा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. इथे प्लॅट्झरची पद्धत जवळपास आहे तशी चालते. निघण्याआधी दोन्ही आरसे थोडे आणखी बाहेर, ५० च्या खुणेला लावले.

१५ नोव्हेंबरचा हिशेबही इथे डोळ्यांनी पाहिला. डाव्या आरशात ट्रक चांगला लांब वाटतो, लेन बदलायला हरकत नाही असं वाटतं, आणि आतल्या सपाट आरशात तोच ट्रक अंगावर. आता ट्रक ओलांडल्यावर डावीकडे परतायचं ते त्याचे दोन्ही दिवे आतल्या आरशात दिसल्यावरच. ट्रकच्या शेजारी रेंगाळायचं नाही, हे देवरावजींचं: "त्याच्या आरशात त्याचं तोंड दिसत नसन, तर त्याले तुम्ही दिसत नाही." प्रकाशाचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असतो, हे पुस्तकात मी दोन परिच्छेदांत सांगते.

परतल्यावर जुळणी पुन्हा ३० वर. म्हणजे जमिनीवर दोन खुणा लागतील: शहर आणि महामार्ग.

२१ डिसेंबर, रविवार

सोसायटीतल्या इतर गाड्या. जे सापडलं त्यातलं निवडक:

एका गाडीत मागच्या काचेवर जाळीचा पडदा, उन्हाळ्यात लावलेला, डिसेंबरातही तसाच. आपल्याकडचा मे पाहता पडदा समजू शकते. पण मग आतला आरसा म्हणजे केसांचा भांग पाहायची सोय. दुसऱ्या गाडीला गडद फिल्म. नियम मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड मागतो. ही फिल्म पाहून मालकांनीच मान खाली घातली.

एक जुनी मारुती ८००, पहिल्या मजल्यावरच्या आजोबांची. डावीकडे आरसाच नाही. त्या काळी बऱ्याच गाड्यांना नसायचा, हौस असेल त्यानं वेगळा बसवून घ्यायचा. आजोबा गाडी फक्त रविवारी मंदिरात नेतात. त्यांना आरसा बसवायला तयार केलं. "मंदिर उजवीकडंच आहे," असं आधी म्हणाले.

काहींनी मूळ आरशाच्या कोपऱ्यात गोल छोटे आरसे चिकटवलेत. त्यांच्याबद्दल माझं मत मिश्र. जवळची स्कूटर पकडायला उत्तम, फुगवटा जास्त असल्यानं रुंद पट्टा दाखवतात. पण अंतराचा अंदाज त्यात शून्य. आणि आतल्या वरच्या कोपऱ्यात चिकटवला तर मूळ आरशाचा कामाचा तुकडाच झाकतो. चिकटवायचाच तर बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात.

२८ डिसेंबर, रविवार

रंगकाम. शेवटची रिकामी जागा समितीनं दिली. सचिवांची एकच अट: पार्किंगच्या पट्ट्यांच्या पिवळ्या रंगात मारू नका, लोक तिथे गाड्या लावतील. निळा घेतला.

अडचण गाड्यांच्या लांबी-रुंदीची होती. ठरावीक जागी खुणा मारल्या तर एकाच मॉडेलला उपयोगी. म्हणून खुणा जमिनीवर पक्क्या न मारता मागच्या बंपरसाठी एक आडवी रेषा मारली आणि त्या रेषेवर दोन्ही बाजूंना मोजपट्टीसारखे दहा-दहा सेंटिमीटरचे आकडे. गाडी रेषेला लावायची, आपल्या गाडीच्या अंगापासून ३० मोजून बाटली ठेवायची, सीटवर बसायचं, बाटली आरशाच्या आतल्या कडेला आणायची. महामार्गावर जायचं असेल तर ५०.

संध्याकाळी तळमजल्यावरच्या वहिनींनी उंच एसयूव्ही आणली आणि नवं काम निघालं. त्यांच्या सीटवरून बंपरजवळची बाटली आरशात फार खाली जाते. आरसा झुकवल्याशिवाय दिसत नाही, आणि झुकवला की क्षितिज जातं. बाटली बुटकी पडते. तिथे स्कूटरस्वाराच्या छातीच्या उंचीचं काहीतरी हवं.

ओजसनं दोन पीव्हीसी पाइप आणले, एक मीटर उंचीचे, टोकाला लाल टेप. खाली रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून बसवायचे, म्हणजे सरकवता येतील. सिमेंट आजच भरलं. सुकेपर्यंत ती जागा कुणी अडवू नये म्हणून सचिवांनी साखळी लावली आहे, किल्ली देवरावजींकडे.